मधली गिटार

मातोंगे, किन्शासा
९ मार्च १९८६

न्सिंबा,

तुझी रेकॉर्ड पोचली. तुझ्याकडून परतलेल्या मोकोलोनं विमानतळावरून थेट आमच्या दारात आणून दिली, आणि वर "तुझ्या भावानं युरोप हलवला" हेही ऐकवलं. दोन शर्ट मिळाले. दोन्ही निळे, दोन्ही एकाच मापाचे, म्हणून आई खूश आहे. माझा मला दिला आणि तुझ्या वाट्याचा घडी करून पेटीत ठेवला. जुळ्यांपैकी एकालाच काही मिळालं की दुसरा मनातून जळतो आणि मग घर आजारी पडतं, ह्यावर तिचा पहिल्याइतकाच विश्वास आहे. तिकडे जाऊन एवढं तरी तू विसरला नाहीस.

रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र तू एकटाच. चेहरा केवढा मोठा! आईनं ते भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. "एकाच जुळ्याचा फोटो ह्या घरात लागणार नाही," म्हणाली. येणारेजाणारे तुझी पाठ बघून जातात.

चेहरा तर माझाही तोच आहे, पण माझा कोणी छापत नाही. उलट त्यापायी मला त्रास. परवा बाजारात एक पोरगी धावत आली, "न्सिंबा, कधी आलास?" मी म्हटलं, मी दुसरा. तिचं तोंड असं उतरलं की मलाच तिची माफी मागावीशी वाटली. दिवसातून एकदा तरी असं होतं. रेडिओ दुरुस्तीला घेऊन येतात आणि माझ्याकडे टक लावून बघत बसतात, जणू मी तुझी स्वस्तातली नक्कल आहे.

आता गाण्यांबद्दल. तू पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. सात संगीतं एकत्र केली म्हणे. मी ऐकलं. आपला रुंबा आहे, त्यावर क्यूबाची फोडणी आहे, मग कुठून तरी फिडल येतं, अकॉर्डियन येतं, एक बाई हार्प वाजवते. आई आठवड्याच्या शेवटी उरलंसुरलं सगळं एकाच पातेल्यात घालायची, ते आठवलं. आपण तेही खायचो, कारण दुसरं काही नसायचं.

आणि नावं! सेबेन सुरू झाल्यावर, जिथं लोक नाचायला उठतात तिथं, तू आख्ख्या मातोंगेची नावं पुकारलीस. बोलुंबूमावशीचं बिअरचं दुकान, त्शिबांगू शिंपी, बकरीचं मटण भाजणारा माफुता, सगळे आले. माफुता तर तेव्हापासून जमिनीवर चालत नाही. माझं नाव नाही. मी काही विचारत नाही, पण लोक विचारतात. त्शिबांगू मापं घेता घेता म्हणाला, "काय रे, तुमचं भांडण झालंय का?" मी म्हटलं, छे, त्याला जागा पुरली नसेल.

शेवटच्या गाण्यात तर तुझा एक वादक झोपलेला दिसतो. सेबेनमध्ये सोलो वर चाललाय, ताल खाली चाललाय आणि मधे भोक. साधं नाही, चांगलं बकरी शिरेल एवढं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही? मी एकदाच ऐकलं, वेळ नव्हता, तरी मला कळलं.

न्झुझी


मातोंगे, ब्रुसेल्स
२० एप्रिल १९८६

न्झुझी,

पत्र मिळालं. पहिली ओळ वाचून बरं वाटलं, पुढं नाही.

उरलंसुरलं म्हणालास. ठीक आहे. इथं त्या पातेल्यासाठी थंडीत लोक रांगेत उभे राहतात. बर्लिन, ऑस्लो, डब्लिन, सगळीकडे वाजवून आलो. अकॉर्डियन वाजवतो तो योरिस, गेंटजवळच्या खेड्यातला. त्याच्या बापानं लग्नांमधून तेच वाजवलं. त्याला आपली एक ओळ ऐकवली की तो दुसरी उचलतो. आज तो माझा उजवा हात आहे. तू त्याला एकदा भेट, मग नावं ठेव.

ते भोक नाही. तुला ते भोक वाटलं असेल तर मी काय बोलणार? मला वाटलं होतं, निदान तुला कळेल.

खरी बातमी ही, की ऑगस्टात मी येतोय. कोरड्या दिवसांत, उघड्यावर, मोठ्या मैदानात कार्यक्रम आहे. बँड बरोबर येतोय, योरिससुद्धा. तू आमच्याबरोबर स्टेजवर उभा राहा. आईला पुढच्या खुर्चीत बसवायची व्यवस्था करतो. नावाचं आपण भेटल्यावर बोलू, ते पत्रात सांगण्यासारखं नाही.

आईच्या हातचा पोंडू खाल्ल्याला किती वर्षं झाली! इथं त्यासाठी कसाव्याची पानं मिळतात, पण ती बर्फात ठेवलेली. शिजली की गवताचा वास येतो.

न्सिंबा


मातोंगे, किन्शासा
१५ मे १९८६

न्सिंबा,

तुमच्या तिकडच्या वस्तीला पण मातोंगे म्हणता, हे मला पाकिटावरून कळलं. म्हणजे नावसुद्धा आमचंच उचललंत.

"आमच्याबरोबर उभा राहा." आमच्याबरोबर! कोणाबरोबर रे? तुझ्या उजव्या हाताबरोबर? मग मी कुठला हात? मला वाटायचं, उजवा, डावा, काय असेल तो हात मीच आहे. आईच्या पोटात आपण दोघं होतो, तिथं अकॉर्डियन नव्हतं.

तू विसरला असशील, मी आठवण करून देतो. पापांनी पोर्तुगीज दुकानदाराकडून जुनी गिटार आणली, तेव्हा आई त्यांच्यावर केवढी भडकली होती. जुळ्यांच्या घरात एक गिटार आणतात का? मग पापांनी तेलाच्या डब्याला सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून दुसरी केली, आणि आईनं फर्मान काढलं, एक दिवस खरी न्सिंबाकडे, एक दिवस न्झुझीकडे. चार-दोन आठवडे ते पाळलं. मग तुझी पाळी संपायचीच नाही. मी डब्यावर. त्या डब्याच्या वरच्या तारा कधी सुरात राहायच्या नाहीत आणि खालच्या आवाजच द्यायच्या नाहीत. चालायच्या फक्त मधल्या. म्हणून मी मधलं वाजवायला शिकलो. तू वर उड्या मारायचास, मी तुझ्या पायाखाली जमीन घालायचो.

मग तो युरोपातला माणूस बँडसाठी माणसं निवडायला आला. बोलुंबूमावशीच्या अंगणात त्यानं आपल्याला ऐकलं. गाणारा हवा होता, सोलो वाजवणारा हवा होता. मधली गिटार शोधत कधी कोणी येतं का? तू एका माणसात दोन्ही होतास. तू गेलास. मी तुझी पेटी डोक्यावर घेऊन विमानतळावर आलो होतो.

मला तुझा हेवा वाटतो, हे स्पष्ट लिहितो. रात्रंदिवस वाटतो. तुझ्या कोटाचा नाही, ऑस्लोचा नाही. तुझ्याजवळ उभं राहून जो कोणी वाजवतो, त्याचा मला हेवा वाटतो, आणि त्याला तू उजवा हात म्हणतोस ह्यानं माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी स्टेजवर येणार नाही. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, दोघं उभे राहणार नसतील तर मीही खुर्चीत बसणार नाही. तेव्हा पुढच्या खुर्चीत योरिसच्या बापाला बसव.

न्झुझी


मातोंगे, किन्शासा
२२ जून १९८६

याया न्सिंबा,

मी नलांदू. जुळ्यांच्या पाठची, दोघांना याया म्हणजे दादा म्हणणारी, त्यामुळे तुम्हा दोघांच्या भांडणात जन्मभर मधे उभी असलेली. हे पत्र आई सांगतेय आणि मी लिहितेय, असं समज. मधे मधे माझंही घालेन.

आधी आईचं. तिचं म्हणणं, न्झुझीच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस हे वाईट केलंस. गप्प बसलेला जुळा बोलणाऱ्यापेक्षा घातक. तिचे गुडघे दुखतात, तिला वाटतं ते तुमच्यामुळे. मी म्हटलं ते वयामुळे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी घाईनं पुढची ओळ लिहायला घेतली. बाजारात तिला अजून कोणी नावानं हाक मारत नाही, जुळ्यांची आई म्हणतात, आणि हल्ली ती त्या हाकेला ओ देत नाही.

आता माझं. हे वाचून फाडून टाक, कारण याया न्झुझीला कळलं तर माझी धडगत नाही.

तुझी रेकॉर्ड एकदाच ऐकली असं त्यानं लिहिलं असेल. साफ खोटं! ती आता खरखरते, इतकी झिजली आहे. दुकान बंद करून तो ती काखोटीला मारतो आणि बोलुंबूमावशीकडे जातो. बिअरच्या खोक्यावर बसतो, गिटार मांडीवर. तुझी गाणी लागतात. पहिली सगळी गाणी तो नाक मुरडून ऐकतो, "आता हे फिडल कशाला," "आता ही हार्पवाली कुठून आली," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो. लोक हसतात, पितात, बसून राहतात. मग शेवटचं गाणं लागतं. सेबेनमध्ये ती मोकळी जागा येते, आणि तो वाजवायला लागतो.

त्याचा हेतू चांगला नव्हता, हे मी आधीच सांगते. पहिल्या दिवशी वाजवून झाल्यावर तो उभा राहून म्हणाला, "बघितलंत? एवढा मोठा युरोपातला कलाकार, आणि एवढं साधं त्याच्याकडे नाही!" तुला खाली बघायला लावायचं होतं त्याला. पण त्याचं कोणी ऐकलंच नाही, कारण सगळे नाचत होते. माफुता हातातली मटणाची काडी तशीच घेऊन नाचत होता. बोलुंबूमावशीनं रेकॉर्डची सुई उचलून परत मागे ठेवली.

तेव्हापासून हे रोजचंच झालंय. तो नसला आणि कोणी ती रेकॉर्ड लावली तर लोक म्हणतात, राहू दे, न्झुझी येऊ दे. त्शिबांगू तर शपथेवर सांगतो की तू तिकडे बसून ह्याच्यासाठीच ती जागा सोडलीस. याया न्झुझी त्याच्यावर खेकसला, "तो माझं नाव घेत नाही, माझ्यासाठी जागा कशाला सोडेल?"

मावशीच्या दुकानापासून आपलं अंगण लांब नाही, तुला माहीतच आहे. आई पीठ मळत असते. शेवटचं गाणं ऐकू आलं की तिचे हात थांबतात. परवा म्हणाली, "आले दोघं घरी." मग परत मळायला लागली.

हे मी का सांगतेय? तुम्ही दोघंही गाढव आहात म्हणून.

नलांदू


मातोंगे, ब्रुसेल्स
१२ जुलै १९८६

न्झुझी,

नलांदूवर रागावू नकोस. तिनं सांगितलं ते बरं केलं. तिचं पत्र मी फाडलं नाही, खिशात घेऊन फिरतोय.

गप्प बसलो कारण तुझं पत्र लागलं. त्यातलं पाळीचं सगळ्यात जास्त लागलं. मला आजवर वाटायचं, तू खरी गिटार आपण होऊन सोडलीस. मी पुढं करायचो तेव्हा तू म्हणायचास, "राहू दे, डबाच बरा." पंधरा वर्षांच्या पोरानं ते खरं मानलं. तू खोटं बोलत होतास हे मला आज कळतंय. अजून तसाच बोलतोस. "वेळ नव्हता, एकदाच ऐकलं"!

आता नावाचं. तू माझ्यावर रागावलास, आणि आईनं तुला पट्टी कशी मारली नाही ह्याचं मला नवल वाटतंय. जुळ्यांतल्या एकाचं नाव गाण्यात कधी एकटं पुकारतात का? न्झुझी म्हटलं की मागोमाग न्सिंबा म्हणावंच लागतं, नाहीतर दुसऱ्याला बाधतं. लहानपणी शेजारची म्हातारी एकाचंच नाव घेऊन आशीर्वाद देऊन गेली म्हणून आईनं तिला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावलं होतं. मग मी काय करायला हवं होतं? माझ्याच रेकॉर्डवर मी गाऊन "न्सिंबा! न्सिंबा!" करू? मातोंगेत माझी काय लाज राहिली असती? मी स्टुडिओत दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बरोबरचे लोक मी ओळ विसरलो असं समजले.

आणि त्या सात संगीतांचं. वर्तमानपत्रवाल्यांना काय वाटायचं ते वाटू दे, तुला खरं सांगतो. इथं आलो तेव्हा पहिल्याच तालमीत मी वर गेलो आणि पायाखाली काही नव्हतं. वादक चांगले होते, पण मधे कोणी नव्हतं. आधी दुसरा गिटारवाला उभा करून पाहिला, किन्शासाचाच. बोटं बरोबर पडायची, पण तो तू नव्हतास. मग फिडल घातलं. फिडलनं जरा भरलं, पण ते रडतं. मग त्या हार्पवाल्या बाईला आणलं, तिचं फार गोड. शेवटी योरिस. प्रत्येक वेळी लोक टाळ्या वाजवून म्हणाले, काय नवीन मिश्रण! कसलं मिश्रण? तुझ्या खुर्चीत मी एकेकाला बसवून बघत होतो. कोणालाच ती मापाची होईना.

शेवटच्या गाण्यात योरिसनं दोन दिवस प्रयत्न केला आणि मग अकॉर्डियनचा पट्टा काढून खाली ठेवलं. म्हणाला, "इथं कोणीतरी आधीच वाजवतंय, मला त्याच्या अंगावर पाय पडल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, मग राहू दे मोकळं. ज्यांनी पैसे घातले होते ते ओरडले. राहू दे म्हटलं. उजवा हात मी त्याला ह्यासाठी म्हटलं. तेवढंच एक चुकीचं लिहिलं असेल तर कापून टाक.

तुला माझा हेवा वाटतो, तू लिहिलंस. आता माझं ऐक. इथं लोक खुर्चीत बसून ऐकतात. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, माणूस गेल्यासारखे. कार्यक्रम संपला की उभे राहतात आणि टाळ्या वाजवतात, सेबेनमध्ये कोणी उभं राहत नाही. तिकडे तू बिअरच्या खोक्यावर बसून चार सूर वाजवतोस आणि माफुता मटण घेऊन नाचतो. आई अंगणात आहे. ती पीठ मळताना थांबते. हे सगळं तुझ्याकडे आहे.

आणि जे मला झोपू देत नाही ते हे. ते गाणं मी केलं. बोलुंबूमावशीनं ते पुरं ऐकलंय. त्शिबांगूनं ऐकलंय, माफुतानं ऐकलंय, रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही माणसानं ऐकलंय. आख्ख्या मातोंगेनं माझं गाणं पुरं ऐकलं, एक मी सोडून. मी अर्धंच ऐकत बसलोय. माझा जळफळाट होतो, न्झुझी. माफुताचा हेवा करायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मी ऑगस्टात येतोय. तू स्टेजवर आला नाहीस तर शेवटचं गाणं मी वाजवणार नाही.

न्सिंबा


मातोंगे, किन्शासा
३ ऑगस्ट १९८६

न्सिंबा,

नलांदूशी मी तीन दिवस बोललो नाही, आता बोलतोय.

नावाचा नियम मी विसरलो, हे खरं आहे. आईला विचारलं, तेव्हा म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे आणि तरी तू चिडलायस." पट्टी तिनं आता मारली.

डब्याचं मी खोटं बोललो होतो. पण तू जरा जोर करून विचारायला हवं होतंस. दोघांची फिटंफाट.

ह्या पत्राबरोबर माझ्या अटी. एक, योरिस एका कडेला, मी मधे. त्याला जेवायला आपल्याकडे घेऊन ये, त्याच्याशी माझं भांडण नाही, आई त्याच्यासाठीही पोंडू करतेय. पण मधे मी. दोन, पेटीतला तुझा निळा शर्ट आईनं बाहेर काढून उन्हात टाकलाय. तो घालूनच स्टेजवर यायचं, तुझा तिकडचा कोट नाही. मी माझा घालतोय. नाचताना लोकांना कोण कोण ते कळलं नाही तर न कळो. तीन, नाव पुकारू नकोस. माझं नको, आपलं दोघांचंही नको. त्या जागी मी वाजवेन, तेवढं नाव पुरे.

आई पुढच्या खुर्चीत बसायला तयार आहे. गुडघ्यांचं काही बोलत नाही. वेष्टन तिनं भिंतीपासून सरळ करून ठेवलं. मी विचारलं, एकाच जुळ्याचा फोटो कसा चालला? तर म्हणते, "हा कोणता आहे ते मला कुठं सांगितलंयस? मला दोघंही दिसतात."

शेवटची अट ऐक. तू लिहिलंस की तू रात्रभर जळतोस, माफुतानं ऐकलं आणि तू ऐकलं नाहीस म्हणून. हे वाचून मला जेवढं बरं वाटलं तेवढं बऱ्याच वर्षांत कशानं वाटलं नव्हतं. म्हणून तालीम होणार नाही. विमानतळावर मी येईन, पेटी डोक्यावर घेईन, पण गिटार घरी ठेवून. घरी आल्यावर विचारलंस तरी तुला ती ओळ ऐकवणार नाही, बोलुंबूमावशीलाही दम देऊन ठेवलाय. आख्ख्या मातोंगेनंतर, सगळ्यात शेवटी, स्टेजवर उभा राहून ऐक. तोवर जळ.

मी इतकी वर्षं एकटाच जळलो. आई म्हणते ना, जुळ्यांना सगळं सारखं मिळायला हवं.

न्झुझी